एका डिस्कच्या सहा फायली

"चाचा, मग आता किल्ली देताय ना?"

परागनं लॅपटॉप पुढ्यात सरकवला आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच पुढचं सुरू केलं. डिस्क त्यानं दोन दिवसांत सोडवली होती. एकेका स्पीकरचा आवाज वेगळा काढून सहा सुट्या फायली केल्या होत्या. हवी ती उघडा, कापा, जोडा.

दस्तगीरचाचा शेंगा सोलत होते.

चाचांनी हयातभर मिरजेच्या आसपासची भजनं रेकॉर्ड केली. शेवटची काही वर्षं तर सहा-सहा माइक लावून. घरी चहूबाजूंनी स्पीकर लावून ऐकलं की आपण देवळाच्या सभामंडपात मधोमध बसलोय असं वाटायचं. बुवा समोर, पेटी उजवीकडं, पखवाज डावीकडं, त्याचा घुमारा खालच्या सहाव्या स्पीकरमधून, टाळ मागं एका अंगाला, झील धरणाऱ्या बायका दुसऱ्या अंगाला.

अशा चाळीस डिस्क कपाटात होत्या आणि त्यांच्यावर आता डाग पडायला लागले होते. आज ना उद्या त्या वाजायच्या बंद होणार. त्यातले बरेच गाणारेही गेले होते. भजनी मंडळाला प्रत्येकाचा आवाज सुटा हवा होता, म्हणजे नव्या पोरांना नुसता पखवाज ऐकून शिकता आलं असतं.

पराग पुण्याहून साउंडचं शिकून आलेला. चाचा म्हणाले होते, एक डिस्क करून दाखव. जमलं तर कपाटाची किल्ली तुझी.

ती किल्ली त्याला मनापासून हवी होती. ती मिळणारच, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

"तपासल्यास?" चाचांनी विचारलं.

"हेडफोन लावून. एकेक. खरखर काढली, खोकले काढले, सुरुवातीची रिकामी जागा कापली. कुठलीही फाईल लावा, पहिल्या सेकंदाला सुरू."

"सगळ्या एकदम लावल्यास?"

"एकेक चोख आहे, चाचा. एकदम काय ऐकायचं त्यात?"

"लाव."

त्यानं लावल्या.

बुवांनी आलापाला तोंड उघडलं न उघडलं तोच बायकांनी झील धरली. जो चरण बुवांनी अजून म्हटलाच नव्हता, तो त्या जीव तोडून परत म्हणत होत्या. पखवाज हातघाईवर आलेला. टाळांचं तर कुणाशीच काही देणंघेणं नव्हतं. बुवा बिचारे आपले सावकाश आलाप घेत राहिले.

चाचा हसले नाहीत. हसले असते तर परागला बरं वाटलं असतं.

"बुवा लगेच गातात," तो हळूच म्हणाला. "बायका पावणेदोन मिनिटांनी येतात. ती जागाच मी कापली..."

"हं."

"सरकवतो. पाच मिनिटांचं काम आहे."

"थांब."

चाचांनी फळीवरचे टाळ काढले आणि त्याच्या हातात दिले.

"मूळ डिस्क लाव. टाळ किती वेळानं येतात?"

"मिनिटभरानं."

"मग येऊ दे. तू वाजव त्यांच्याबरोबर."

भजन सुरू झालं. परागनं घड्याळाकडं बघितलं. हात उचलला. चाचांनी बोट वर केलं. हात खाली आला.

पुन्हा पहिल्यापासून.

या खेपेला तो चाचांकडं बघत राहिला. तरी हात आधीच उठला. पुन्हा बोट...

तिसऱ्या खेपेला त्यानं डोळे मिटले. बुवांचा श्वास ऐकू आला. मागं कुणीतरी खोकलं. बांगड्या किणकिणल्या, कुणीतरी सरसावून बसलं. पखवाजानं हलकेच थाप दिली आणि परागचे टाळ वाजले. नेमके डिस्कमधल्या टाळांबरोबर.

कुणी सांगितलं नव्हतं. त्याला इतका आनंद झाला की पुढचं अख्खं भजन तो वाजवतच राहिला. चाचांनीही त्याला थांबवलं नाही.

मग तो गपचूप कामाला लागला. डिस्क पुन्हा पहिल्यापासून सोडवली. सहा फायली, सहाही एकाच लांबीच्या, कुठं कात्री नाही. खोकलेसुद्धा ठेवले. दुपारी चहाच्या वेळेला सगळ्या एकदम लावल्या.

बुवा गायले. मग पखवाज. मग टाळ. मग बायका. सगळं ज्याच्या त्याच्या जागी. चहा निवत होता, तरी दोघांपैकी कुणी कपाला हात लावला नाही.

भजन संपल्यावर चाचांनी खिशातून किल्ली काढून लॅपटॉपवर ठेवली.

परागनं ती लगेच उचलली नाही.

"चाचा, एक विचारू?"

"विचार की."

"बायकांच्या फायलीत पहिली पावणेदोन मिनिटं गाणंच नाही. शिकायला येणाऱ्या पोरी विचारतील, हे एवढं रिकामं कशाला ठेवलंय म्हणून. त्यांना काय सांगू?"

चाचांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

"रिकामं कुठं हाय बाळा? तेवढा वेळ त्या बाया ऐकत होत्या."