भर दुपारचा दिवा

“...आणि सगळेच आपले पैसे मागायला एका दिवशी आले तर?” महंत सहजगिरींनी विचारले.

त्यांचा शिष्य दौलतगिरी हसला.

“तसे होत नसते, महाराज. ज्याच्या घरी माघात लग्न, तो माघात पैसे मागतो. ज्याला बैल घ्यायचा, तो पेरणीआधी येतो. गरजा वेगळ्या म्हणून दिवस वेगळे. सुरतेच्या काय, इंदूरच्या काय, साऱ्या पेढ्या याच जोरावर चालतात.”

“पण आले तर?”

“नाही येत.”



गोसाव्यांचा मठ होता तो. त्या काळी गोसावी नुसता जप करीत नसत, सावकारीही करीत. एका अंगाला देव, दुसऱ्या अंगाला पेढी, आणि लोकांचा दोन्हीकडे सारखाच भाव. पेठेतले कोष्टी विणकर आपली शिल्लक पेढीवर ठेवीत. ती कापसाच्या व्यापाऱ्यांकडे कर्जाऊ जाई आणि व्याज घेऊन परत येई.

महाराज आता थकले होते. मठाची आणि पेढीची मिळून गादी एकच. ती आपल्याला मिळावी म्हणून दौलतगिरीने उमेदीची सारी वर्षे परमुलखातल्या पेढ्यांवर घालवली होती. हुंडीचे प्रकार, ती वटवताना कापायच्या बट्ट्याचे दर, कोणत्या गावी कोणत्या महिन्यात पैसा महाग होतो... सगळे तोंडपाठ. विद्या डोक्यात मावेनाशी झाली की नाकावर येऊन बसते, तसे त्याचे झाले होते.

“मग गादीवर कधी बसू?”

“बघू,” म्हणाले महाराज, आणि पंचा खांद्यावर टाकून नदीवर स्नानाला गेले.

पौषाचे दिवस. आभाळ भरून आले होते, बैठकीत अंधारले होते. इंदूरहून आलेली एक हुंडी दौलतगिरीच्या हातात होती. मोडी अक्षर फार किरटे. ओट्यावर दोनचार व्यापारी टेकले होते. त्यांच्यादेखत हुंडीची पारख करून दाखवावी असे त्याच्या मनात आले. त्याने देवळीतली पणती उचलली, पेटवली आणि सगळ्यांना दिसेल अशी ओट्याच्या कडेला आणून ठेवली.

हुंडी अस्सल होती.

तसे सांगायला त्याने मान वर केली, तर ओटा रिकामा होता.

समोरचा मसालेवाला तागडी हातात धरून तसाच उभा होता. मग कुठेतरी एक शब्द उच्चारला गेला आणि दुकानादुकानांतून पुढे सरकत गेला.

“दिवा... मठाच्या पेढीवर दिवा...”

ज्या सावकाराचे देणे हाताबाहेर गेले, त्याने भर दिवसा दारात दिवा लावायचा आणि लोकांनी काय ते समजायचे, ही त्या पेठेची जुनी रीत. दिवाळे निघाले म्हणतात ते यावरूनच. दौलतगिरीने तो शब्द हजार वेळा लिहिला होता. त्यात दिवा आहे, हे त्याच्या कधी ध्यानात आले नव्हते.

आता आले. तोवर गल्लीच्या दोन्ही तोंडांनी माणसे धावत येत होती.

“अहो, अक्षर दिसेना म्हणून लावला मी!” तो ओरडला.

“बुडणारा कधी खरं बोलतो व्हय?” गर्दीतून कोणीतरी म्हणाले.

तो पणती फुंकायला वाकला. भागाई नावाच्या म्हाताऱ्या कोष्टिणीने त्याचे मनगट धरले. तिच्या लेकीच्या लग्नाचा सगळा पैसा पेढीवर होता.

“इजवू नगा. आता लपवून काय व्हनार? माजं पैसं द्या.”

दौलतगिरीचा हात तिथेच राहिला. तिजोरीत किती आहे, हे त्याला पाठ होते. जमलेल्यांतल्या चौथाईलाही ते पुरले नसते. बाकीचे पैसे कापसाच्या गाड्यांवर बसून दूर कुठेतरी चालले होते.

सकाळी पेढी धडधाकट होती. कोणी एक पैसा बुडवला नव्हता. आणि संध्याकाळच्या आत ती खरोखरच बुडणार होती. कशाने, तर एका वातीने आणि पळीभर तेलाने.

त्याच्या अंगावर काटा आला. भीतीने आलाच, पण त्याहून अधिक नवलाने. इतकी वर्षे तो पेढ्या शिकला, आणि पेढी त्याला आज पहिल्यांदा दिसली. इतकी नाजूक वस्तू, आणि पिढ्यानपिढ्या उभी! कोणी उभी धरली होती ती? हीच तर माणसे होती, जी आता ओट्यावर चढत होती.

तेवढ्यात महाराज आले. ओला पंचा खांद्यावर. लोकांनी वाट दिली.

त्यांनी दिवा पाहिला. मग शिष्याकडे पाहिले...

“घरात पणत्या किती आहेत रे?”

“महाराज?”

“असतील तेवढ्या आण. तेलही आण.”

दौलतगिरी पणत्यांची टोपली आणि तेल घेऊन आला. महाराज खाली बसले. त्या एका दिव्यावर त्यांनी दुसरा लावला. दुसऱ्यावर तिसरा. ना घाई, ना गडबड. वारा आला की आडोशाला हात धरायचे, एखादी ज्योत विझली तर शेजारच्या पणतीवरून पुन्हा लावायचे. बघता बघता ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळ झाली.

गर्दी बुचकळ्यात पडली. एका दिव्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. ओळीचाही ठाऊक होता, पण तो अगदी उलटा.

“म्हाराज,” भागाईने विचारले, “आज सण हाय का काय?”

“तुम्ही सगळे एका दिवशी दारात आलात, आई. याहून मोठा सण कोणता?”

कोणीतरी मागे खुदकन हसले. पण भागाई जागची हलली नाही.

“त्ये खरं. पर माजं पैसं?”

“दौलत, हिचे पैसे मोजून दे.”

पैसे आले. भागाईने ते पदरात बांधले. गाठ पक्की केली. मग तिने गर्दीकडे पाहिले, आपल्या फुगलेल्या पदराकडे पाहिले, आणि बराच वेळ तशीच उभी राहिली...

“ह्ये आता घरी न्हेऊन ठिवू कुठं, बाबा?” ती पुटपुटली. “कुडाचं घर माजं.”

गाठ सुटली. पैसे परत आत गेले. तिच्यामागचा विणकर डोके खाजवत म्हणाला की त्यालाही आज तशी निकड नव्हती. तिघाचौघांनी मात्र मागितलेच. त्यांना तिथल्या तिथे मिळाले. उरलेले ओट्याखाली गप्पा मारत रेंगाळले आणि पांगले. मसालेवाल्याची तागडी पुन्हा हलू लागली.

दौलतगिरीने महाराजांचे पाय धरले. त्याचे डोळे भरून आले होते.

“केवढी युक्ती, महाराज!”

“युक्ती नव्हे. मागेल त्याला देत गेलो असतो, तिजोरीचा तळ दिसेपर्यंत.”

“आणि तळ दिसल्यावर?”



महाराजांनी ओळीकडे बोट केले.

“यातला तुझा दिवा कोणता? तेवढा उचलून आत ठेव.”

दौलतगिरी उठला. ओळीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे गेला, वाकून वाकून बघत परत आला. साऱ्या पणत्या एकाच कुंभाराच्या, साऱ्या ज्योती सारख्या. तो पुन्हा एकदा गेला. पुन्हा आला.

“मला नाही कळत, महाराज.”

असे वाक्य त्याच्या तोंडून यापूर्वी कोणी ऐकले नव्हते.

महाराज बाजूला सरकले.

“मग बस गादीवर.”