धाकट्याला हवं जुनेर

एक होतं लाकडी खोकं.
खोक्यात होती काजळी. काजळी म्हणजे सुंदराकाकूंची काळी कुत्री.
काजळीच्या कुशीत होती चार पिल्लं. कालच झाली होती. डोळे मिटलेले. कान मिटलेले. नाकं तेवढी गुलाबी.

खोक्याबाहेर होती ठिपकी. ठिपकी म्हणजे कोंबडीचं पिल्लू. अंग पिवळं, डोक्यावर एक काळा ठिपका.
ठिपकीला आई नव्हती. ती रोज काजळीच्या पोटाशी झोपायची. ऊब ऊब. मऊ मऊ.
आज ठिपकी आली, तुरुतुरु तुरुतुरु. बघते तर जागाच नाही.

"मी कुठे झोपू?" ठिपकीने विचारलं.
"थांब गं बाळे," काजळी म्हणाली. "आधी माझा धाकटा बघ."

धाकटा सगळ्यांत लहान. मुठीएवढा.
खोक्यात अंथरला होता कागद. वर्तमानपत्राचा कागद, गुळगुळीत.
धाकटा दुधाकडे निघाला. एक पाय टाकला. सुर्रर्र. मागे.
दुसरा पाय टाकला. सुर्रर्र. आणखी मागे.
तिघं भावंडं दूध पीत होती. चुटूचुटू चुटूचुटू.
धाकटा कोपऱ्यात. रिकाम्या पोटी.

काजळी म्हणाली, "याला नीट अंथरूण हवं. याचं पोट भरलं की सगळी शांत झोपतील. मग तुलाही जागा."

ठिपकी गेली गोठ्यात. तुरुतुरु तुरुतुरु. चोचीत धरली पेंढ्याची काडी. एक आणली. दोन आणल्या. खूप आणल्या.
धाकटा त्यावर सरकला. टच. पोटाला काडी टोचली. कुंई.
पेंढा नको.

मग काकूंनी भुसा आणला. मऊ होता, भुरभुरीत होता.
धाकट्याने श्वास घेतला. भुसा नाकात गेला. फुस्स.
भुसाही नको.

काकूंनी मग कपाट उघडलं. काकूंच्या बाळाच्या बारशाला नवा टॉवेल आला होता. घडीसुद्धा मोडली नव्हती. पिल्लं म्हणजे घरी आलेले पाहुणे, त्यांना चांगलंच द्यावं, असं काकूंना वाटलं. त्यांनी टॉवेल अंथरला.
धाकट्याची नखं टॉवेलच्या धाग्यांत अडकली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. काजळीने टॉवेल तोंडात धरला आणि बाहेर टाकला.

काकूंनी कपाळाला हात लावला. "बघ कशी मी वेडी. आपल्या बाळाला आपण पहिलं नवं घालत नाही. नवं टोचतं. आपण जुनेराचं शिवतो. मग हिच्या बाळांना नवं कशाला?"
"जुनेर म्हणजे काय?" ठिपकीने विचारलं.
जुनेर म्हणजे जुनं लुगडं, काकूंनी सांगितलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं. घसरत नाही. टोचत नाही. नाकात जात नाही. नखात अडकत नाही.

"काकू, काकू, जुनेर द्या ना."
"दिलं असतं गं. पण जुनेर एकच आहे. त्याची झोळी केली आहे. झोळीत माझं बाळ झोपलंय. त्याचा पाळणा सुताराकडे आहे. पाळणा आला की जुनेर तुझं."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
काकू जुनेर देईना.
धाकट्याला दूध मिळेना.

आला धोंडी सुतार. ठक ठक, ठक ठक.
"सुतारकाका, सुतारकाका, पाळणा द्या ना."
धोंडी सुतार हसला. "काकूंनी आता कोंबडीला मुकादम केलं वाटतं."
पण पाळणा काही त्याने दिला नाही. पाळण्याची नवी दांडी खडबडीत होती. बाळाच्या हातात लाकडाची कूस गेली असती. दांडी गुळगुळीत करायला रंधा लागतो, आणि रंधा झाला होता बोथट.
"रंध्याला धार आण. मग पाळणा."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
सुतार पाळणा देईना.
काकू जुनेर देईना.
धाकट्याला दूध मिळेना.

आले धारवाले मामा. सायकलवर चाक, चाकावर दगड. पण मामा कडुनिंबाखाली नुसतेच बसले होते.
"धारवाले मामा, मामा, धार लावा ना."
"कशी लावू बेटा? पायडल मारतो, चाक फिरत नाही. हा बघ पट्टा. तुटला. मोचीदादाकडून पट्टा शिवून आण. मग धार."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
धारवाला धार लावीना.
सुतार पाळणा देईना.
काकू जुनेर देईना.
धाकट्याला दूध मिळेना.

आले मोचीदादा. तोंडात सुई, मांडीवर चप्पल.
"मोचीदादा, मोचीदादा, पट्टा शिवा ना."
मोचीदादांनी तोंडातली सुई काढली. दोरा होता. चामडं होतं. पण दोऱ्याला लावायचं मेण संपलं होतं. बिनमेणाचा दोरा उद्याच तुटतो, आणि नाव जातं मोचीचं, असं ते म्हणाले.
"मधमाशीकडून मेण आण. मग पट्टा."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
मोची पट्टा शिवीना.
धारवाला धार लावीना.
सुतार पाळणा देईना.
काकू जुनेर देईना.
धाकट्याला दूध मिळेना.

मधमाशीचं पोळं होतं काकूंच्याच परसात, भिंतीच्या कोनाड्यात. गुं गुं, गुं गुं.
"माशीबाई, माशीबाई, मेण दे ना."
माशी म्हणाली, "एका जुन्या पोळ्यातला मध संपलाय. त्याचं मेण घे की. पण आम्ही त्यावरून हलू कशा? काकूंच्या चुलीचा धूर आमच्या घरात शिरतो. आम्ही सगळ्या घाबरून चिकटून बसलोय. चुलीला सांग, धूर थांबव. मग मेण."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
माशी मेण देईना.
मोची पट्टा शिवीना.
धारवाला धार लावीना.
सुतार पाळणा देईना.
काकू जुनेर देईना.
धाकट्याला दूध मिळेना.

वाटेत होतं खोकं. ठिपकी थांबली. वाकून आत बघितलं.
धाकटा आता सरकत नव्हता. कोपऱ्यात पडला होता. कुंई, असं म्हणाला. अगदी हळू. काजळी त्याला चाटत होती. नाकाने ढकलत होती. कागद मात्र घसरतच होता.
ती तिथे बसली नाही.

तुरुतुरु तुरुतुरु. चुलीपाशी आली. भस्स भस्स. धूर धूर.
"चूलबाई, चूलबाई, धूर थांबव ना."
चूल खोकली. "मला काय हौस आहे? माझ्या पोटात ओलं लाकूड. ओलं लाकूड जळत नाही, नुसतं धुमसतं. लाकडाला सांग, वाळ. मग धूर थांबेल."

ठिपकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.
चूल धूर थांबवीना.
माशी मेण देईना.
मोची पट्टा शिवीना.
धारवाला धार लावीना.
सुतार पाळणा देईना.
काकू जुनेर देईना.
धाकट्याला दूध मिळेना.

लाकडं होती मोरीशेजारी. ओलीचिंब.
"लाकूडदादा, लाकूडदादा, वाळ ना."
"वाळलो असतो गं," लाकूड म्हणालं. "ऊन तर रोज येतं. पण खाली बघ. मोरीच्या तोंडात पाला अडकलाय. पाणी वाहून जात नाही. आम्ही पाण्यातच बसलोय."

लाकूड वाळेना.
चूल धूर थांबवीना.
माशी मेण देईना.
मोची पट्टा शिवीना.
धारवाला धार लावीना.
सुतार पाळणा देईना.
काकू जुनेर देईना.
धाकट्याला दूध मिळेना.

आता कुणाला सांगायचं?
ठिपकीने पाल्याकडे बघितलं. पाल्याला कान नव्हते. पाला ऐकणार कसा?
ठिपकीने इकडे बघितलं. तिकडे बघितलं. विचारायला कुणीच उरलं नव्हतं.
मग ठिपकीने खाली बघितलं. खाली तिचे पाय होते. छोटे छोटे पाय. तीन बोटं पुढे, एक मागे.

खुरखुर. एक पान निघालं.
खुरखुर खुरखुर. दुसरं पान निघालं.
पान चिकट होतं. पाणी गार होतं. ठिपकीचे पंख भिजले. ती थोडी थांबली. परत लागली. खुरखुर खुरखुर खुरखुर.
शेवटचं पान निघालं.

खळखळ खळखळ. पाणी वाहून गेलं.
वर आलं ऊन. लाकूड तापलं, लाकूड वाळलं.
काकूंनी वाळकं लाकूड चुलीत घातलं. धूर थांबला. धडधड धडधड, जाळ झाला.
माश्या बाजूला झाल्या. गुं गुं. जुनं पोळं सुटलं, खाली पडलं. ठिपकीने चोचीत धरलं.

तुरुतुरु तुरुतुरु. मेण मोचीदादांना दिलं.
मोचीदादांनी दोऱ्याला मेण लावलं. सर्र सर्र. पट्टा शिवला. दोन वेळा ओढून बघितला. तुटला नाही.

तुरुतुरु तुरुतुरु. पट्टा धारवाले मामांना दिला.
रंध्याचं वजन ठिपकीला पेलणार नाही म्हणून मामा स्वतःच सायकल घेऊन सुताराकडे गेले. चाक फिरलं. घर्रर्र घर्रर्र. ठिणग्या उडाल्या. रंध्याला धार आली. वजन ठिपकीला पेलणार नाही म्हणून मामा स्वतःच सायकल घेऊन सुताराकडे गेले.

धोंडी सुताराने दांडीवर रंधा फिरवला. सरक सरक. दांडी गुळगुळीत झाली. आपल्याच गालाला लावून त्याने बघितली. कुठेच टोचली नाही.
"चला मुकादम," तो ठिपकीला म्हणाला. पाळणा डोक्यावर घेतला आणि निघाला. मागून धारवाले मामाही निघाले.

काकूंनी बाळाला झोळीतून उचललं. हळू. पाळण्यात ठेवलं. हळू. बाळाने ओठ हलवले. उठलं नाही.
काकूंनी झोळी सोडली. जुनेर झटकलं. त्यावरून हात फिरवला. कुठे टाचणी नाही. कुठे सुटा दोरा नाही.
कागद काढला. जुनेराची चार पदरी घडी घातली. खोक्यात अंथरली. कडा नीट खाली दाबल्या, म्हणजे पिल्लू आत गुरफटणार नाही.

सगळे खोक्यावर वाकले. काकू वाकल्या. सुतार वाकला. धारवाले मामाही वाकले.
काजळीने धाकट्याला नाकाने ढकललं. अगदी थोडं.

धाकट्याने एक पाय टाकला.
पाय तिथेच राहिला.
दुसरा पाय टाकला.
तोही तिथेच राहिला.
धाकटा पुढे सरकला. थांबला. दम खाल्ला. परत सरकला.
नाक लावलं. हुंगलं. शोधलं.
चुटू.
चुटू चुटू.
चुटूचुटू चुटूचुटू चुटूचुटू.

काकूंनी पदराने डोळे पुसले. चुलीचा धूर गेलाय की हो काकू, असं सुतार म्हणाला. काकू म्हणाल्या, माहीत आहे मला.

धाकट्याचं पोट गोल झालं. चार पिल्लं एकावर एक झोपली.
काजळीने पाय जरा वर उचलला. पोटाशी एवढीशी जागा झाली. ठिपकीएवढी.
"ये," काजळी म्हणाली. "पंख ओले आहेत ना तुझे?"

ठिपकी आत शिरली. खाली जुनेर. वर काजळी. शेजारी धाकटा.
धाकट्याचं पोट वर आलं, खाली गेलं. वर आलं, खाली गेलं.
ठिपकीचे पंख वाळले.
ठिपकीचे डोळे मिटले.

आता गोष्टीचंही पोट भरलं.
ती हळू बोलते.
आणखी हळू.
आणि गप्प.