साहेबाचा एक शब्द

शिकारी लखूला दोन दिवसांची मुदत मिळाली होती. एका इंग्रजी शब्दाचा अर्थ भर दरबारात सांगायचा, नाहीतर शिकारखान्यातली नोकरी आणि राहतं घर, दोन्ही सोडायचं. लखूला इंग्रजी तर राहोच, मराठीत सहीसुद्धा येत नव्हती.

झालं असं, की भिवरगडच्या उदाजीराव महाराजांनी वाघ मारला. म्हणजे मचाणावरून बंदूक महाराजांनी झाडली आणि त्याच क्षणी झाडाआडून लखूनेही झाडली. भिवरगडात महाराजांची शिकार अशीच व्हायची. पाहुण्या साहेबाने वाघ पाहिला, महाराज पाहिले आणि हसून म्हणाला, "हंबग!"

"म्हणजे काय हो?" महाराजांनी दिवाणांना विचारलं.

"महापराक्रमी, सरकार," दिवाण नरहरपंतांनी ठोकून दिलं. शास्त्रीबुवा म्हणाले, "नरसिंहासमान!"

"मग साहेब हसला का?"

आता आली का पंचाईत! दिवाणांनी बिनदिक्कत लखूकडे बोट केलं. "हा साहेबाजवळ उभा होता. ह्यालाच विचारा."

महाराजांनी मुदत दिली आणि त्या रात्री लखूच्या घरी चूल पेटली नाही. त्याची लेक बायजा मात्र अंड्यांची टोपली घेऊन साहेबाच्या तंबूकडे गेली, खानसाम्याशी घटकाभर बोलली आणि तिसऱ्या दिवशी बापाच्या जागी स्वतः दरबारात उभी राहिली.

"म्हाराज, साहेब आणखी एक शबुद बोलला हुता. टिरपंग. आदी त्येचा अर्थ कुनी सांगंल का?"

"त्यात काय?" दिवाण पुढे सरसावले. "धन्यासाठी पडेल ते काम आनंदाने करणं, म्हणजे टिरपंग. माझा तर तो बाणाच आहे."

"मूळ आपलाच," शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. "त्रिपंख! साहेबाने इथून पळवला."

महाराज तरी मागे कसे राहतील? "आम्हाला ठाऊक होताच," ते मिशीवरून बोट फिरवत म्हणाले.

"म्हाराज, त्यो शबुद म्या आज सकाळी कोंबड्यांना दाणं टाकताना केला," बायजा म्हणाली. "ठावं नसताना ठावं असल्याचा ह्यो जो आव आनला, त्येलाच साहेब हंबग म्हनतो."

महाराजांचा चेहरा लालबुंद झाला. "आणि आम्हाला का म्हणाला तो? आम्ही कसला आव आणला?"

बायजाने भिंतीवर वाळत टांगलेल्या त्याच वाघाच्या कातड्याकडे मान वळवली. "बंदुका दोन वाजल्या, म्हाराज. कातड्याला भोक एकच हाय. ते कुनाचं, ह्ये माजा बा मरंस्तवर सांगायचा न्हाई. साहेबानं भोक बगितलं, त्येला कुनाला इचारायची गरजच पडली न्हाई."

महाराजांनी कातड्याकडे पाहिलं, बायजाकडे पाहिलं आणि एकदम असे खदखदा हसले, की फेटा कानावर आला.

"नोकरी कायम, घर कायमचं तुमचं. आणि हे कातडं ज्याचं त्याच्या घरी पोचवा." मग ते दिवाणांकडे वळले. "पंत, तुम्हीच घ्या डोक्यावर. टिरपंग तुमचा बाणा आहे ना?"