रुसलेले तळे

एका राज्यात एक तळे होते, आणि त्या तळ्याचे पाणी राजावर रुसले होते.

रुसायला कारण होते. राजा उदयकेतूची नौका एकदा वाऱ्यासारखी धावली आणि तिच्या लाटेने एका मांत्रिकाची होडी उलटली. राजाने वळूनही पाहिले नाही. मांत्रिकाने पाण्याला सांगितले, जो जितकी घाई करील, त्याला तितके अडव. त्याच्या शापाने त्याच घटकेला बेटावर कमळे खुडायला गेलेली राजकन्या मृणालिनी पायांपासून दगड होऊ लागली. बापाने जाऊन हात धरला तर ती सुटणार होती. तिसऱ्या दिवशी सूर्य बुडाला की कायमची शिळा.

पहिल्या दिवशी राजाने चाळीस वल्ही लावली. वेग दुप्पट केला, तर पाण्याचा अडसर चौपट झाला. नौका मधातल्या माशीसारखी रुतली. दुसऱ्या दिवशी तिचे नाक भाल्यासारखे तासले. ती थोडी पुढे सरकली. मग मागे भोवरे उठले आणि तिला धरून बसले.

तिसऱ्या दिवशी राजा काठावर डोके धरून बसला. शेजारी एक पाणकावळा पंख वाळवीत होता.

"महाराज, पाणी दुभंगायला शिकलात," तो म्हणाला, "मिटवायला कधी शिकणार? मासा पाहा. डोके गोल, शेपटीकडे निमुळता. त्याच्यामागे पाणी अलगद मिटते. भोवरा उठतच नाही."

राजाने म्हाताऱ्या सिदोजी सुताराकडे पाहिले. सिदोजीला हे ठाऊक होते. पण सिंहासन मागे मांडायचे, म्हणून राजनौकेची पाठ रुंद अन् चौकोनी ठेवायची, असा सात पिढ्यांचा रिवाज होता.

"मग बोलला का नाहीस?"

"कुणी विचारले नाही, महाराज."

सिंहासन काठावर उतरले. दुपारपर्यंत नौका माशासारखी झाली. राजा साध्या फळीवर बसून एकटाच वल्हवू लागला, हळू, निजलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालावे तसा.

बेट जवळ आले तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. मृणालिनी गळ्यापर्यंत दगड झाली होती. ते पाहून राजाचे हात आवरेनात. त्याने वल्हे जोरात मारले आणि पाणी घट्ट झाले.

"आबा, हळू," ती म्हणाली. "मी आहे इथे."

डोळे गळत होते, तरी राजाने हात सैल सोडले. पाणी सैल झाले. शेवटचा किरण उरला असताना त्याने तिचा गार दगडी हात धरला, आणि त्या हाताने त्याचा हात घट्ट धरला.

शाप उतरला. परतताना पाणी पूर्वीसारखे सैल होते, तरी राजा हळूच वल्हवत राहिला.

"आबा, आता पाणी अडवत नाही."

"ठाऊक आहे, बाळ," राजा म्हणाला. "पण तू शेजारी बसली आहेस."

पाणी मोकळे झाले, राज्य निवांत झाले, आणि कहाणी काठाला लागली.