हरणवण्याचा कोरडा धक्का

हरणवण्याला धक्का आहे. काळ्या दगडाचा, चांगला रुंद, भरतीला मचवा थेट अंगाला लागेल असा. तरी आमचा मचवा त्याच्या अलीकडेच थांबतो आणि माणसे चिखलात उतरतात. पाहुण्यांना वाटते, नावाड्याला धक्का दिसलाच नाही. मागे एका साहेबांनी त्याला हाताला धरून दाखवलासुद्धा. नावाड्याने निरखून बघितला, "झ्याक आहे" म्हणाला आणि साहेबांचे बूट त्यांच्याच हातात दिले. तुम्हीही बूट सोडायला लागा. तेवढ्यात सांगून होईल.

असे सांगतात की जर्मनच्या पहिल्या लढाईला हरणवण्याची चार माणसे गेली होती. राणोजी खोताचा दौलत, सुतारकी करणारा इसाक, कुणब्याचा धाकू आणि महारवाड्यातला सोननाक. पलटणी वेगवेगळ्या, पण लढाई संपल्यावर बसऱ्याहून चौघांना एकच बोट मिळाली. बोटीवरच्या गोऱ्या साहेबाने एका बंदराची माणसे एका टोळीत घातली आणि बाह्या तपासल्या. तिघांच्या बाह्या कोऱ्या. सोननाकच्या बाहीवर तीन पट्ट्या. "हवालदार, पाय जमिनीला लागेपर्यंत ही टोळी तुझ्या हुकमात," म्हणून साहेब निघून गेला. हरणवण्यात खोत नावाचा प्राणी असतो हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितले नव्हते.

दौलतने आपली वळकटी चार हात लांब टाकली. आखात सुटले, बोट डोलू लागली आणि समुद्रकाठी जन्मलेला हा खोताचा मुलगा ओकून ओकून पिवळा पडला. सोननाकने त्याचे डोके मांडीवर घेतले, तोंडाला पाणी लावले. दौलत प्यायला. म्हणे, दुसरा तांब्याही त्यानेच मागितला. त्या दिवसापासून वळकट्या चिकटल्या.

संध्याकाळी डेकवर बसून सोननाक बुटांना खोबरेल चोळायचा. एवढे काय चोळतोस, असे धाकूने विचारले तेव्हा तो म्हणाला, "आपल्या धक्क्याचे दगड माझ्या बापानं वेठीत वाहिले. पाठ सोलली त्याची. बांधून झाल्यावर त्याला म्हणाले, आता यावर पाय ठेवायचा नाही. धाकू, त्या दगडावर मी हे बूट वाजवणार."

"आम्ही पण वाजवू," इसाक म्हणाला. "चौघं एका ठेक्यात."

दौलतने आपल्या बुटांकडे पाहिले. मग म्हणाला, "बाबा ओरडतील."

"तुर्काच्या तोफेपेक्षा मोठ्यानं?" सोननाकने विचारले.

"तुम्ही बाबांना घरात ऐकलेलं नाही," दौलत म्हणाला, पण त्यानेही आपले बूट चोळायला घेतले.

मुंबईला बोट बदलून चौघे किनाऱ्याच्या आगबोटीत बसले. हरणवण्यासमोर ती खोल पाण्यात थांबली आणि न्यायला मचवा आला. धक्क्यावर सगळा गाव. ढोल-ताशे, हार, ओवाळायला तबक घेतलेली खोतीण आणि मधोमध फेटा बांधून राणोजी खोत. धक्क्यापासून लांब, चिखलात गुडघाभर रुतून एकटी उभी होती सोननाकची आई येसू. तिला तेवढीच जागा होती.

मचवा धक्क्याला लागला. सोननाकने एक बूट मचव्याच्या काठावर ठेवला. दगड इतका जवळ होता की त्यावरचे शेवाळ दिसत होते.

"दौलत, ये रे बाबा! इसाक, धाकू, या या," खोत म्हणाला. "सोन्या, तू थांब. मचवा पलीकडे नेतील, तिथं चिखलात उतर."

ढोल थांबला. सोननाकच्या मनात आले, एक उडी मारली तर कोण अडवणार आहे? अडवले तर दोघातिघांना तो सहज लोळवेल. मग त्याला आई दिसली. आज हाणामारी झाली की उद्या तिचे खोपट पेटेल, हे त्याला ठाऊक होते. पण मान खाली घालून, गुपचूप पलीकडून उतरायचे? बसऱ्याहून त्यासाठी यायचे?

आणि पाय अजून जमिनीला लागलेले नव्हते.

सोननाक ताठ झाला. कवायतीच्या मैदानावरची आरोळी त्याने हरणवण्याच्या खाडीत ठोकली. "टोळी! माझ्या मागं, उतर!" आणि धक्क्याकडे पाठ करून त्याने चिखलात उडी घेतली.

गुडघ्यापर्यंत गेला. मागे वळून बघितले नाही. तो एक क्षण त्याला अख्ख्या लढाईपेक्षा लांब वाटला म्हणतात. मग बद्‌कन आवाज आला, इसाक. पाठोपाठ डोक्यावर ट्रंक घेऊन धाकू.

मचव्यात दौलत राहिला. बापाने हार पुढे धरलेला. दौलतने टाचा जुळवून बापाला कडक सॅल्यूट ठोकला.

"बाबा, हुकूम आहे," म्हणाला आणि उडी मारली.

त्याचा एक बूट चिखलाने तिथेच ठेवून घेतला. सापडला तर खोतांच्या घरी पोचता करा.

चौघे एका रांगेत, छाती काढून, चिखलातून येसूसमोर येऊन उभे राहिले. तिच्याकडे तबक नाही, दिवा नाही. तिने दोन्ही हात पोराच्या तोंडावरून फिरवले आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटे मोडली. मग इसाकवरून, धाकूवरून. दौलतपुढे ती थबकली.

"मलाही दृष्ट लागते, येसूआय," दौलत म्हणाला. तिने त्याच्यासाठी जरा जोरातच मोडली.

ते बघून खोतिणीने लुगडे खोचले आणि तबक घेऊन चिखलात उतरली. तिच्यामागे बायका, मग ढोलवाले, मग सारा गाव. खोताचे काय झाले यावर अजून वाद आहे. त्याची नातवंडे सांगतात, आजोबाही उतरले. आमची माणसे म्हणतात, उतरला नाही, घसरला.

वर्षभराने खोताने निरोप धाडला म्हणे, धक्का आता सगळ्यांना मोकळा आहे. सोननाक हवालदाराने उलट निरोप दिला, "वाळवणाला ठेवा. माणसं चिखलातून येतील."

आजही हरणवण्यात समुद्राकडून येणारा चिखलातूनच येतो. नवरदेव येतो, नवी नवरी येते, रजेवरचा फौजी येतो. मते मागणारे पुढारी येतात, त्यांना आम्ही जरा खोल जागा दाखवतो. आणि काठावर येसूच्या वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई उभी असते. ती नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. चिखलाने माखलेले पाय तेवढे बघते आणि आपल्या कानशिलावर दहाही बोटे मोडते. ती मोडल्याशिवाय हरणवण्यात कोणी घरी आला, असे धरत नाहीत.