बुवांच्या हातचा पंचा

"आणखी किती वेळ, बुवा?"

विश्रामनं विचारलं. वीजघराचा भोंगा वाजून कधीच थांबला होता. निरंजनबुवा मठाच्या पायरीवर उभे होते, डोळे खाली नदीच्या पात्रात.

तिथली रीतच तशी होती. वीजघरातलं यंत्र फिरू लागलं की पाण्याचा लोंढा पात्रात यायचा. म्हणून आधी भोंगा वाजायचा. धुणं धुणाऱ्या बायका वर यायच्या. शेवटची वर आली की बुवा पंचा हलवायचे, मगच यंत्र सुरू.

विश्राम याच मठात लहानाचा मोठा झाला. आता वीजघराचा साहेब झाला होता आणि साहेबाच्या डोक्यात वारं शिरलं होतं. त्यानं नवा प्रोग्रॅम बसवला होता. मागणी कुठे वाढली, धरणात पाणी किती, कुठलं यंत्र केव्हा फिरवायचं, सगळं तो क्षणाक्षणाला ठरवी. आणि एवढं शहाणं काम रोज एका म्हाताऱ्याच्या पंच्यापाशी अडून बसायचं. विश्रामचं डोकं फिरणार नाही तर काय.

"उद्यापासून पंचा बंद," तो म्हणाला. "भोंगा थांबला की यंत्र सुरू. ज्याला जीव प्यारा आहे तो पळेल."

"आणि ज्याला पळवत नाही तो?"

"असून असून एखादं माणूस असतं, बुवा. त्या एकासाठी अख्ख्या जिल्ह्याची वीज अडवू?"

"एकच ना..."

बुवांनी पंचा त्याच्या अंगावर फेकला. तरातरा पायऱ्या उतरले आणि पात्रातल्या मधल्या खडकावर मांडी घालून बसले.

"उद्या कशाला? आत्ता लाव."

"बुवा, उठा. हा काय पोरकटपणा आहे?"

बुवा हलले नाहीत.

विश्रामचा फोन वाजला. वीजघरातून विचारत होते, "साहेब, प्रोग्रॅम घाई करतोय. पंचा तर दिसत नाही. सोडू का पाणी?"

"खबरदार," विश्राम ओरडला. "डोळे फुटले का तुझे? बुवा बसलेत पात्रात."

बुवा उठले. वर आले तरी त्यांचा राग उतरला नव्हता.

"कुणासाठी थांबवलंस?"

"तुमच्यासाठी. आणखी कुणासाठी?"

"माझ्यासाठी..."

बुवांनी त्याची मान धरली आणि वळणाकडे फिरवली. तिथे खडकाआड द्रौपदाआजी वाकून धुणं पिळत होती. गुडघ्यांनी दगा दिलेला, भोंगा ऐकूनही तिला घाई नव्हती. पंचा हलल्याशिवाय पाणी येत नाही हे तिला ठाऊक होतं. ती सगळा वेळ तिथेच होती. विश्रामनं तिकडे पाहिलंच नव्हतं.

"पंचा तुझ्याच हातात आहे," बुवा म्हणाले. "हलव."

विश्रामचा हात वर जाईना. फोन पुन्हा वाजू लागला. त्यानं तो उचलला नाही.

"किती वेळ... बुवा?"

"तिचं लुगडं पिळून होईल तेवढा."