भुंग्याची नवी हाक

नद्यांवर अजून पूल नव्हते आणि मेंढ्यांचे कळप पोहूनच पैलतीर गाठायचे, तेव्हाची ही गोष्ट.

धनगरांच्या एका तळावर हौसा नावाची मुलगी होती. तिचा भुंग्या नावाचा काळाभोर कुत्रा होता. अंगात नुसती वीज. धावायला लागला की दिसेनासाच व्हायचा. पण खोड एकच, आणि तीही भारी. हौसाने "यू यू" करून बोलावलं की तो थांबायचा, वळून बघायचा, आणि भलत्याच दिशेला सुसाट सुटायचा.

त्या तळाचा एक रिवाज होता. चराईला जाताना कळप पाण्यात घालायच्या आधी कुत्र्यांची पारख व्हायची. मालकाने तराफ्यावरून पलीकडे जायचं आणि तिथून हाक मारायची. हाक एकच. जो कुत्रा पोहत आला, तो कळपाबरोबर पुढे. जो आला नाही, तो अलीकडच्या गावात देऊन टाकायचा. कारण मागे एकदा एक कुत्रा ऐन धारेत पाणकोंबड्यांच्या मागे गेला होता, मेंढ्या त्याच्यामागे वळल्या, आणि चाळीस मेंढ्या डोहात बुडाल्या होत्या.

तळाचा म्होरक्या धुळाप्पा सगळ्यांसमोर म्हणाला, "हौसे, नदीला तीन आठवडे राहिले. तुझ्या भुंग्याला हाक मारायची, का आवतण धाडायचं?"

सगळे हसले. हौसा मात्र हसली नाही. भुंग्याशिवाय पैलतीर? तिला ते डोळ्यांसमोरही आणवेना.

ती तडक जनाआत्याकडे गेली. आत्या टकळीवर लोकर कातत बसली होती.

"आत्या, तो मुद्दाम करतो गं."

"करत असेल. काल त्याला कशाकशाला बोलावलंस, सांग बघू."

हौसा आठवू लागली. "सकाळी अंगातली कुसळं ओढायला. दुपारी धुळाप्पाकाकांची भाकरी पळवली म्हणून रागवायला. संध्याकाळी बांधायला."

"आणि आला तेव्हा मिळालं काय त्याला?"

"ओढाताण, बोलणी आणि दावं," हौसा म्हणाली.

"मी कुत्रा असते तर मीही पळाले असते," टकळी न थांबवता आत्या म्हणाली. "ती हाक नासली आता. नवी घे. आणि त्या हाकेला तो आला की त्याचं भलंच झालं पाहिजे. उशिरा आला तरी. काही उपद्व्याप करून आला तरी. बांधायचंच असेल, तर हाक मारू नकोस. आपल्या पायांनी जा त्याच्याकडे."

हौसाने नवी हाक शोधली, "हिर्रीऽऽ". लोकरीचा लांब दोर वळून भुंग्याच्या गळ्यात अडकवला. दहा पावलांवरून हाक मारली. भुंग्या आला. लोणी लावलेला भाकरीचा तुकडा मिळाला, पाठीवर थाप मिळाली, आणि वर पुन्हा हुंदडायला मोकळीक! भुंग्याने कान टवकारले. हे काहीतरी निराळंच होतं. मग वीस पावलं. मग पन्नास. मग दोर काढून टाकला. बाराव्या दिवशी तो टेकाडापलीकडून असा धावत आला, की थांबता न आल्यामुळे हौसाला घेऊनच लोळला.

नदीला चार दिवस उरले, आणि घात झाला. कोल्ह्यामागे धावताना भुंग्याने धुळाप्पाची वाळत घातलेली कोरी घोंगडी फरफटत चिखलात नेली. हौसाने हाक मारली. तो आला नाही. बऱ्याच वेळाने आला, जीभ लोंबत, शेपूट हलवत. तोवर सगळा तळ गोळा झाला होता.

"दे दोन ठेवून," धुळाप्पा काठी पुढे करत म्हणाला.

हौसाने काठी घेतली नाही. कनवटीचा भाकरीचा तुकडा काढला आणि भुंग्याला दिला.

"अगं, बक्षीस देतेस त्याला?"

"घोंगडीचं नाही, काका. आल्याचं. घोंगडी मी धुते."

लोक खो खो हसले. हौसा तिन्हीसांजेपर्यंत घोंगडी आपटत बसली. हाताची सालटं निघाली.

आणि उजाडला तो दिवस. पाणी घोंघावत होतं. हौसा पैलतीरावर उभी राहिली, छातीभर श्वास घेतला आणि हाक मारली.

"हिर्रीऽऽ!"

भुंग्याने धाडकन पाण्यात उडी घेतली. सरळ, अगदी सरळ येऊ लागला. अर्धी नदी झाली. इतक्यात लव्हाळ्यातून पाणकोंबड्यांचा थवाच्या थवा फडफडत उठला. भुंग्याचं डोकं वळलं. मग धडही वळलं.

हौसाची एकच हाक होती आणि ती मारून झाली होती. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

भुंग्याने पाखरांकडे पाहिलं. मग हौसाकडे पाहिलं. पाखरं चांगलीच होती. पण त्या हाकेच्या टोकाला आजवर एकदाही वाईट घडलं नव्हतं. तो वळला, आणि पाणी कापत असा आला की काठावरची माणसं ओरडायलाच लागली!

ओलाचिंब भुंग्या हौसाच्या अंगावर आदळला. शेजारी उभ्या धुळाप्पाने खांद्यावरची घोंगडी काढून पुढे केली.

"पूस त्याला," तो म्हणाला. "माझ्या घोंगडीची सवय आहेच त्याला."

त्या वर्षी कळप नदीत उतरला, तेव्हा सगळ्यांत पुढे भुंग्या होता, आणि एकही मेंढी वाट चुकली नाही.

बोध: आपल्या हाकेला कोणी यावं असं वाटत असेल, तर आलेल्याला आल्याचा पश्चात्ताप होऊ देऊ नये.